व्हिएन्नाचा कप्पा

हार्ड डिस्कला स्वेटर देसांकाने विणला होता. तपकिरी लोकरीचा, खाली दोन गुंड्या आणि वायर बाहेर यायला एक भोक. समोरासमोरच्या खिडक्यांतून झुळूक येते, झुळकीने धडधाकट माणूस मरतो, मग यंत्र का नाही मरणार, असं तिचं साधं म्हणणं होतं. उझित्से गावात या म्हणण्याला हसणारा माणूस सापडायचा नाही. मान आखडली, दात ठणकला, लग्न मोडलं, काहीही झालं तरी दोष झुळकीचा. दोन हिवाळे ती दहा वर्षं जुनी डिस्क त्या स्वेटरात घुसमटून चालली, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी कट्, कट्, कट् असा आवाज करून बसली. पडद्यावर अक्षरं उमटली: ही डिस्क वाचता येत नाही, कोरी करून देऊ का?

तिच्या नवऱ्याने, स्वेतोलिकने, घाबरून 'नको' दाबलं. मग डिस्कची वायर काढून परत घातली, संगणक बंद करून परत चालू केला आणि चष्मा पुसला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला यंत्रावर करता येण्यासारखे एवढेच तीन उपाय असतात.

"काय झालं रे?" देसांकाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणालास म्हणजे मोठंच काहीतरी आहे."

मोठंच होतं. स्वेतोलिकने छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि निवृत्तीनंतर त्याला व्यवस्थेचं वेड लागलं होतं. त्याने घरातले सगळे फोटो, मोजून दोन हजार आठशे, एकेक करून स्कॅन केले, डिस्कवर चढवले आणि कागदाचे फोटो स्वयंपाकघरातल्या चुलीत जाळले. देसांका तेव्हा चुलीसमोर आडवी आली होती. स्वेतोलिकने तिला शांतपणे समजावलं होतं, "एक वस्तू दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे अव्यवस्था. कागद काय, सडतो. हे कायम राहतं."

आता तिने एकदा डिस्ककडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं.

"कागद भिजला असता तर वाळवला असता," ती म्हणाली. पुढचे तीन आठवडे हे वाक्य त्या घरात मिठासारखं रोज पानात पडणार होतं.

ते फोटो म्हणजे वेल्को. एकुलता एक मुलगा, नऊ वर्षांपूर्वी व्हिएन्नाला गेला, तिथे नोकरी धरली, तिथलीच बायको केली. दर जुलैमध्ये ग्रीसच्या समुद्रावर जाताना तो एक रात्र घरी थांबत असे, आणि सीमेवर रांग नको म्हणून पहाटेच निघत असे. त्या एका रात्रीतला अर्धा वेळ तो फोनचा चार्जर शोधण्यात घालवी. म्हातारा-म्हातारीच्या वाट्याला आलेला खरा वेल्को डिस्कवर होता. दर रविवारी जेवणानंतर स्वेतोलिक ती टीव्हीला जोडी आणि दोघं बघत बसत: वेल्को गाढवावर, वेल्को गालगुंड झालेला, वेल्को पहिल्या दिवशी शाळेच्या पायरीवर रडताना. त्यात स्वेतोलिकची एक खोड होती. माणसांचा फोटो काढतानाही त्याला मागचा डोंगर अख्खा लागे. त्यामुळे प्रत्येक फोटोत वरचा मोठा भाग डोंगर आणि माणसं खाली, काठाला चिकटून. पण होती.

"स्लावा तीन आठवड्यांवर आलाय," देसांका म्हणाली. "यंदा तरी बोलव त्याला. एक ओळ लिही, ये म्हणून."

"स्लावाला कोण बोलावतं?"

स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. यांचा संत दिमित्री, नोव्हेंबरच्या आठ तारखेचा. त्या दिवशी दार उघडं ठेवायचं, मेणबत्ती लावायची, आणि येईल त्याला आधी चमचाभर गोड गहू देऊन मग ताटावर बसवायचं. आमंत्रण म्हणून कुणालाही द्यायचं नाही. ज्याला माहीत असतं तो येतो. बोलावलं की तो स्लावा राहत नाही, ती पार्टी होते, असं स्वेतोलिक आपल्या बापाकडून शिकला होता. आणि बापाच्या घरी यायला ज्याला आमंत्रण लागतं तो मुलगा नव्हे, पाहुणा, हे त्याने स्वतःच्या मनाचं जोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन तो मंडईमागच्या झिव्कोच्या दुकानात गेला. झिव्को फोन, संगणक आणि कॉफीची यंत्रं दुरुस्त करत असे. त्याने डिस्क हातात घेतली, स्वेटरच्या गुंड्या काढल्या, आणि आमच्याकडचा प्रत्येक कारागीर नळापासून छपरापर्यंत कशालाही हात लावण्याआधी जे विचारतो तेच विचारलं.

"हे कुणी केलं तुम्हाला?"

"कुणी नाही. बायकोने विणलाय."

"स्वेटर नाही हो मास्तर, हा सत्यानाश." त्याने डिस्क कानाला लावून हलवली. "उकडून मेलीय बिचारी. घरी हात लावू नका आता, पुन्हा जोडू नका, कुणाचं ऐकू नका. बेलग्रेडला एक प्रयोगशाळा आहे, तिथे पाठवतो. निघेल बरंचसं. आनंदाची गोष्ट सांगू? चुकून पुसलेलं असेल ना, तेसुद्धा वर येतं."

स्वेतोलिकचा हात दुकानाच्या फळीवरच थांबला. "पुसलेलं म्हणजे?"

"डिलीट केलेलं. जात नाही ते कुठे. दारावरची पाटी काढली तरी माणूस आत राहतोच की. प्रयोगशाळेवाले सगळ्यांनाच बाहेर काढतात, हवा तो आणि नको तो. मग बसून वाचतात, काय काय आलंय ते."

"वाचतात?"

"बघावं लागतं ना, बरोबर निघालंय का ते."

स्वेतोलिकने झिव्कोच्या हातातून डिस्क काढून घेतली, तिला स्वेटर घातला आणि दोन्ही गुंड्या लावल्या. "विचार करून सांगतो," असं म्हणून तो जवळजवळ पळतच बाहेर आला. कारण डिस्कवर फोटोंखेरीज आणखी एक गोष्ट होती, आणि ती देसांकालाही माहीत नव्हती. तिथे एकतीस पत्रं होती. म्हणजे होती, आणि पुसलेली होती.

गेली नऊ वर्षं, स्लावा आला, नाताळ आला, ईस्टर आला, कधी मध्येच आठवण दाटली, की देसांका शेजारी गेल्यावर स्वेतोलिक संगणकापुढे बसे आणि मुलाला पत्र लिही. मनातलं सगळं लिही. घर कसं खायला उठतं, आईचे गुडघे कसे गेलेत, तू ये. ते लिहिता लिहिता त्याचा पारा चढे. मग वेल्को इतका कोरडा कुणामुळे झाला याचा शोध सुरू होई, आणि तो शोध दरवेळी सुनेपाशी, वेरेनापाशी संपे. वेरेना बटाटे बिनमिठाचे उकडते. वेरेना जेवणाच्या टेबलावर तारखांची वही उघडते. वेरेना दारात चपला काढत नाही, आणि काढल्या तर अशा नीट लावते की आपल्याच घरात आपल्याला ओशाळल्यासारखं होतं. शेवटी स्वेतोलिक ते पत्र एकदा वाचे, पुसून टाके, आणि मग खरं पत्र पाठवी: 'आम्ही बरे आहोत. पाऊस कमी. आई आठवण काढते. बाबा.' झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ बेलग्रेडमधले अनोळखी लोक उघडून चष्मा लावून वाचणार होते.

घराच्या फाटकात मिओद्राग भेटला. हा शेजारी, कारखान्यात वीजतंत्री होता, आणि कारखाना बंद पडल्यापासून त्याचं सगळं ज्ञान शेजारपाजारच्या डोक्यावर येऊन बसलं होतं.

"झिव्कोकडे गेला होतास?" मिओद्राग म्हणाला. "झिव्कोला काय कळतं? त्याने माझ्या मेव्हण्याची कॉफीची मशीन दुरुस्त केली, ती आता नुसती शिट्टी मारते. मास्तर, हे काम घरचं आहे. फ्रीजरमध्ये ठेव."

"काय?"

"डिस्क रे! गरम झाली म्हणून धातू फुगला. थंड केला की आक्रसेल, जागेवर बसेल. तू भूगोलाचा ना? खडक कसा आक्रसतो, तसंच. चोवीस तास ठेव, काढ, लगेच जोड, अर्धा तास चालेल. तेवढ्यात फोटो उतरवून घे आणि तिला पुरून टाक."

"आणि पुसलेलं वर येतं का, असं केल्यावर?"

"तुला पुसलेलं हवंय?"

"नकोय."

"मग नाही येत," मिओद्राग तत्परतेने म्हणाला. फुकटच्या सल्ल्याचं असं असतं, ऐकणाऱ्याला हवा तिथून तो वाकवता येतो.

अडचण एकच होती. फ्रीजर देसांकाचा होता. वरच्या कप्प्यात भाजलेल्या मिरच्या, मधल्यात बेरीची फळं, आणि तळाचा कप्पा व्हिएन्नाचा. त्यात वेल्कोसाठी गोठवलेली सारमा असे, आंबवलेल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, शिवाय धुरावलेलं मांस, आणि सायीचे डबे. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, व्हिएन्नाला जाणाऱ्या बसच्या चालकाच्या, रादेच्या, हाती ते जाई. सीमेपलीकडे मांस न्यायला बंदी आहे, आणि रादेच्या बसमध्ये सीटखाली ज्या जागा आहेत त्या बस बनवणाऱ्या कंपनीलाही ठाऊक नाहीत. अर्ध्या उझित्सेची मुलं परदेशात त्या सीटखालच्या जागांवर जगतात. देसांका म्हणे, मुलगा येत नाही तर निदान जेवण जातं.

"यंत्र माझ्या खाण्यात ठेवशील तर हात तोडीन," असं तिने बजावलं होतं. म्हणून ती मंडईत गेल्यावर स्वेतोलिकने डिस्क स्वेटरासकट आधी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तळाच्या कप्प्यात, अगदी खाली सरकवली. देसांकाची सगळी पुडकी वर्तमानपत्रातच असत. ते पुडकं त्यांच्यात असं मिसळून गेलं की क्षणभर त्यालाही ओळखू येईना. आपल्या हुशारीवर तो खूष झाला.

तो बुधवार होता.

गुरुवारी दुपारी तो दवाखान्यातून रक्तदाब मोजून आला तेव्हा देसांका फ्रीजर पुसत होती. तळाचा कप्पा बाहेर काढलेला होता. रिकामा.

"इथलं कुठे गेलं?"

"कुठे जाणार? व्हिएन्नाला. रादे गेला की दहाला. स्लावाचा महिना आहे म्हणून सगळंच दिलं." तिने फडकं पिळलं. "का रे, पांढरा का पडलास? किती आला रक्तदाब?"

खोटं बोलण्यासाठी जे डोकं लागतं ते स्वेतोलिककडे त्या क्षणी शिल्लक नव्हतं. त्याने सांगून टाकलं. म्हणजे डिस्कचं सांगितलं. पत्रांचं नाही.

देसांका स्टुलावर बसली. "माझ्या मुलाला," ती शब्द मोजत म्हणाली, "तू सारमाबरोबर मेलेलं यंत्र पाठवलंस."

"मी नाही, तू पाठवलंस!"

"मी जेवण पाठवते! माझ्या फ्रीजरात जे असतं त्याला जेवण म्हणतात!"

त्याने रादेला फोन लावला. मागे बसच्या इंजिनाचा आवाज आणि कुणाचं तरी मूल रडताना ऐकू येत होतं.

"रादे, माझं पार्सल परत आण. काहीही कर."

"मास्तर, हंगेरीत शिरलो मी. आता परत कसं आणू? का, मांस खराब आहे?"

"खराब नाही. त्यात एक वस्तू चुकून गेलीय."

"मास्तर," रादेचा आवाज एकदम खाली आला, "छत्तीस वर्षं पोरांना शिकवलंत तुम्ही. या वयात कसली वस्तू पाठवताय माझ्या बसमधून?"

"हार्ड डिस्क आहे रे! फोटोंची!"

"मग असं सांगा की. मी घाबरलो. फोटोंना कोण विचारतं? डुकराला विचारतात."

म्हणजे सीमेवर जप्त होण्याचीही आशा गेली. आयुष्यात पहिल्यांदा स्वेतोलिकला सीमाशुल्क खात्याचे लोक कामचुकार वाटले.

वेल्कोला काहीच कळू द्यायचं नाही, हे त्या घराचं जुनं धोरण होतं. देसांकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला 'सर्दी' झाली होती. छप्पर उडालं तेव्हा 'थोडा वारा' होता. पोर परदेशात एकटं, उगाच घोर नको. शुक्रवारी संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"बाबा, सारमात एक डिस्क निघाली."

"हो? अरे वा."

"तिच्या अंगात स्वेटर आहे."

"आईने विणलाय. ती फेकून दे वेल्को. जुनी आहे, बिघडलेली. चुकून आली. आत्ता, मी फोनवर असताना फेक."

"बिघडलीय? म्हणजे माझे लहानपणचे फोटो यातच आहेत ना? तू कागदाचे जाळलेस ते?"

स्वेतोलिकने डोळे मिटले. "नाही नाही. नुसते डोंगर आहेत. डोंगरांचे फोटो."

वेल्को हसला. कितीतरी दिवसांनी बापाने त्याचं हसणं ऐकलं. "बाबा, तू ना! मला घोर नको म्हणून लपवतोयस, होय? इथे एक लॅब आहे, जळलेल्या डिस्कमधून काढून देतात. मी करून घेतो. स्लावाची भेट समज माझ्याकडून."

"नको!"

"खर्चाची काळजी करू नकोस."

"खर्च नाही रे... तू... तुला कामं असतात..."

"वेरेना नेऊन देईल. तिचं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे."

मुलाने नऊ वर्षांत आपणहून बापासाठी एक काम अंगावर घेतलं होतं, आणि ते नेमकं हे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. देसांका मात्र उजळली होती. "बघ, माया आहे त्याला," ती म्हणाली. "झालं ते बरं झालं. फोटोही येतील." स्वेतोलिकला इतकं भरून आलं आणि इतकी भीती वाटली की त्याने जेवायला नको म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस व्हिएन्नाहून काहीच आलं नाही. फोन नाही, ओळ नाही. देसांकाने दोनदा लावला, तर वेल्को म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो," आणि ते नंतर काही उगवलं नाही.

"काय झालं असेल रे याला?"

"काम असेल," स्वेतोलिक म्हणाला. त्याला नीट माहीत होतं काय झालं असेल. एकेक पत्र त्याला आता शब्दन्‌शब्द आठवत होतं. पुसताना वाटलं होतं विसरलो. झिव्कोने सांगितलं ते डिस्कबद्दल होतं, पण माणसाचंही काही वेगळं नसतं. हाती उरला होता तो एवढासा मुलगा, फोनवरचा, जुलैमधल्या एका रात्रीचा. तोही आपण आपल्या हाताने घालवला, या विचाराने त्याला झोप येईना.

आठ तारीख उजाडली. मेणबत्ती लागली, पाव कापला गेला, गव्हाचं ताट दारापाशी ठेवलं. बारापर्यंत घरात सतरा माणसं होती. मिओद्राग तिसऱ्या पेल्यावर होता आणि फ्रीजरचा उपाय सगळ्यांना समजावून सांगत होता.

"काम झालं असतं," तो म्हणाला, "पण चोवीस तास म्हणजे चोवीस तास! यांनी तिला युरोप फिरवून आणलं."

सगळे हसले. स्वेतोलिकही हसला. स्लावाला घरधन्याने बसायचं नसतं, उभं राहून वाढायचं असतं. त्या दिवशी त्याला ते बरं वाटत होतं. उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे कुणी फार बघत नाही.

एक वाजता बेल वाजली. दार तर उघडंच होतं, आणि स्लावाला बेल वाजवणारा माणूस आमच्याकडे जन्माला आलेला नाही. सगळ्यांनी माना वळवल्या.

दारात वेरेना होती. एकटी. बारा तास रादेच्या बसमध्ये बसून आलेली, केस एका बाजूला चपटे झालेले, हातात फुलं आणि एक जाड पाकीट. तिने चपला काढल्या. त्या नीट भिंतीला समांतर लावल्या. मग पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणाली, "स्लावा शुभ असो, घरधनी."

स्वेतोलिकने तिच्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. "वेल्को गाडी लावतोय का?"

"वेल्को आला नाही."

देसांकाने गव्हाचं ताट उचललं होतं, ते तिच्या हातात तसंच राहिलं. आतल्या खोलीत सतरा काटे-चमचे एकदम थांबले. स्लावाच्या दिवशी गावाला जेवढं ऐकू येतं तेवढं एरवी येत नाही.

"प्रयोगशाळेने पत्रं दिली," वेरेना म्हणाली. ती शब्द सावकाश, एकेक तपासून ठेवत होती. "लहान फाइल, म्हणून पूर्ण निघाली. एकतीस. वेल्कोने एक वाचलं. मग संगणक मिटवला, बाल्कनीत गेला. राहिलेली तीस मी वाचली. शब्दकोश घेऊन. दहा दिवस लागले."

"कसली पत्रं?" देसांकाने विचारलं.

स्वेतोलिक मेणबत्तीची वात नीट करायला वळला.

"बोलावण्याची," वेरेना म्हणाली. "प्रत्येक पत्रात आहे, ये. स्लावाला ये. नाताळला ये. मी वेल्कोला म्हटलं, बघ, एकतीस वेळा बोलावलंय. तू मला नेहमी सांगतोस, घरून कुणी बोलावत नाही. वेल्को म्हणाला, पुसलं होतं ना? पुसलं म्हणजे बोलावलं नाही." ती थांबली. "मी खूप सांगितलं. तो म्हणाला, मला ऑफिस आहे."

देसांका नवऱ्याकडे वळली. "नऊ वर्षं मी तुझ्या पाया पडत होते, एक ओळ लिही म्हणून," ती म्हणाली. "आणि तू एकतीस लिहून खाल्लीस?"

"देसांका, स्लावाला कोण..."

"गप्प बस."

सुनेकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून स्वेतोलिक तिच्या चपलांकडे बघत म्हणाला, "वेरेना, त्या पत्रांत... तुझ्याबद्दलही काही..."

"हो. बटाटे. वही. चपला." तिने बोटं मोजली. "मीठ मी आता घालते. आणि एक वाक्य सात पत्रांत आहे. 'त्या व्हिएन्नावालीला घरी ठेव आणि ये, निदान एक दिवस आपण आपल्या भाषेत जेवू.'" ते वाक्य ती न अडखळता बोलली. बसमध्ये बारा तास तेच घोकत आली असावी. "मी विचार केला, एकाला घरी ठेवायचंच आहे. मी नवऱ्याला ठेवलं."

आतून मिओद्रागला ठसका लागला.

देसांकाने चमचाभर गहू तिच्यापुढे धरला. थोडा ताटात सांडला. वेरेनाने खाल्ला, चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवला, जसा ठेवायचा असतो तसा. हे तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. वेल्कोने तर नक्की नाही.

तिला टेबलाच्या टोकाला, खिडकीपासून दूर, झुळूक लागणार नाही अशा जागी बसवलं. स्वेतोलिकने तिला सारमा वाढली. एक, दोन, तीन, चार. "पुरे," ती म्हणाली, तेव्हा पाचवी वाढली.

"आणि फोटो?" शेवटी देसांकाने विचारलं. एवढा वेळ ती त्या पाकिटाकडेच बघत होती.

वेरेनाने पाकीट उघडलं. "हे मी छापून घेतले. प्रयोगशाळा म्हणाली, माफ करा. फोटो वरून खाली लिहिला जातो. वरचा भाग वाचला, खालचा गेला."

टेबलावर एकेक फोटो पडत गेला. तारा डोंगर, आणि त्याच्याखाली राखाडी पट्टा. झ्लातिबोर, खाली राखाडी. ओवचारची कडा, स्वच्छ, दगडन्‌दगड मोजून घ्यावा अशी, आणि खाली काही नाही. दोन हजार आठशे फोटोंतून डोंगर तेवढे सगळे आले होते. माणूस एकही नाही.

"डोंगर म्हणालासच तू त्याला फोनवर," देसांका म्हणाली. मग झ्लातिबोरचा फोटो उचलून राखाडी पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. "कागद भिजला असता तर वाळवला असता." या वेळी ते टोचून बोललेलं नव्हतं. त्यामुळे स्वेतोलिकला ते फार लागलं.

चारच्या सुमारास वेरेना उठली. रादेची बस पाचला परत निघत होती आणि उद्या तिलाही ऑफिस होतं. देसांकाने तळाचा कप्पा भरला होता तेवढा सगळा तिच्या पिशवीत रिकामा केला. तीन वेळा डोळे पुसले आणि तिन्ही वेळा कांद्याला दोष दिला.

स्वेतोलिक फाटकापर्यंत गेला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. माफी मागायची होती, वेल्कोला काय सांगायचं ते सांगायचं होतं. शेवटी सगळ्यात सोपं होतं तेच तोंडापर्यंत आलं.

"वेरेना, पुढच्या वर्षी..." आणि तो अडखळला. बापाची शिकवण आडवी आली. स्लावाला कोण बोलावतं?

वेरेनाने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताने खिशातून तारखांची वही काढून त्याला दाखवली. नोव्हेंबरचं पान होतं, पुढच्या वर्षीचं. आठ तारखेच्या चौकोनात तिने काहीतरी लिहिलेलं होतं, शाईने.

"बोलावू नका," ती म्हणाली. "मला माहीत आहे."